वीर, विहीर आणि लामावरचे अप्पा

चूक माझीच. वडवणीहून जीपने सासूबाईंच्या माहेरगावी उतरलो आणि पारावर बसलेल्यांना ऐटीत म्हणालो, "मला इथला वीर बघायचाय."

"कंची वीर? जुनी का नवी?"

"जुना!" मी व्याकरण सुधारून सांगितलं.

एक टोपीवाले दादा लगबगीने उठले. भर उन्हात कपाशीतून मला चालवत नेलं आणि एका कोरड्या विहिरीच्या काठावर उभं केलं. "साठ फूट हाय सायेब, टिपूस न्हाई. अजून खाली जावं का न्हाई, सांगा."

इकडे विहिरीलाच वीर म्हणतात, हे तेव्हा कळलं. मला त्यांनी पाणाड्या (जमिनीतलं पाणी सांगणारा) समजलं होतं. मला बघायची होती ती लढाईवर गेलेल्या वीराची समाधी, पण तसं म्हणायला तोंड उघडेपर्यंत दुसरी विहीर आली. तिसरीवर तर एकाने माझ्या तळहातावर नारळच ठेवला. खाली पाणी असलं की नारळ आपोआप उभा राहतो म्हणे; तो उभा राहीना. "ह्ये पाणाड्या कच्चं हाय बे," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळे मला तिथंच टाकून निघून गेले.

मी आलो होतो सासूबाईंसाठी. त्या पंच्याऐंशीच्या. त्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात लढून बिल्ला (पदक) घेऊन परतलेले. घर लिंगायत वाण्यांचं, तिथं दहन नाही, पुरतात, म्हणून समाधी. "दगड उभा आहे का तेवढं बघा, फोटो आणा. मग मी मोकळी," त्या म्हणाल्या होत्या. आता त्यांना काय, तीन विहिरींचे फोटो दाखवू?

बांधावर मेंढ्या राखणारी एक म्हातारी भाकरीचं फडकं सोडून बसली होती. तिने अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्या हातावर ठेवला. "कावून हिंडायलास बाबा उनात?"

मी सगळं सांगितलं.

"लामावर (दूरदेशीच्या लढाईवर) गेल्ते ते अप्पा व्हय? मग तसं इचार की! त्ये काय, लिंबाखाली."

पहिल्या विहिरीपासून पन्नास पावलांवर! दगड होता, ताठ होता; पण चुन्याच्या थरांमुळे ना नाव दिसत होतं, ना कोरलेला बिल्ला.

"दर पोळ्याला आमीच चुना लावताव," ती कौतुकाने म्हणाली.

"अहो मावशी, यावर नाव होतं ना?"

"आसंल की. चुन्याच्या आत हाय. कुटं जातंय?"

कलत्या उन्हात एकच फोटो निघाला आणि मोबाईलने मान टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचून मोबाईल चार्ज केल्यावर सासूबाईंनी तो अगदी डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ बघितलं. मग पडद्यावर बोट टेकवून म्हणाल्या, "हेच माझे आजोबा. उभे आहेत अजून." डोळे पुसून त्या शांत झोपल्या. मोहीम फत्ते म्हणून मी स्वयंपाकघरात चहा मागायला गेलो.

बायको आधण ठेवत हळूच म्हणाली, "आईचं बोट दगडावर नव्हतं हो. फोटोत तुमची सावली पडलीय, तिच्यावर होतं. मी काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका. आणि आता तिच्यासमोर जरा ताठ उभे राहत जा."