किटलीतलं कोमट दूध

"लिम्फोमा असू शकतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. आमचे चेहरे बघून त्यांनी सोपं करून सांगितलं, लिम्फोमा म्हणजे गाठींचा कॅन्सर. मानेतली एक गाठ काढून तपासायला पाठवायची होती, त्याला बायोप्सी म्हणतात. "रिपोर्ट येईपर्यंत मनानं काही ठरवू नका."

मी मात्र तिथंच सगळं ठरवून मोकळी झाले.

कित्येक आठवडे आमच्या ह्यांना संध्याकाळ झाली की ताप भरायचा. घामानं बनियन भिजायचा, सांधे दुखायचे आणि सकाळी माणूस पुन्हा बरा. कसबा बावड्यात आमच्या घरामागं दोन म्हशी आहेत. धार काढता काढता तिथंच पेला भरून दूध प्यायचं, ही ह्यांची लहानपणापासूनची सवय. अंग खंगायला लागलं तसे एकाचे दोन पेले झाले. दवाखान्यात विचारलं, बाहेरचं काही खाता-पिता का, तेव्हा मीच ठसक्यात सांगितलं, "छे, घरचं दूध, घरची भाकरी."

बायोप्सी झाली आणि वॉर्डात वाट बघणं सुरू झालं. तुमच्यापैकी कुणी आत्ता तशाच बाकावर बसलं असेल, तर त्यांना वेगळं सांगायला नको. मी मनातल्या मनात ह्यांच्याशिवाय मुलीचं लग्न उरकलं, म्हशीही विकल्या. रडू आवरेना.

हे म्हणाले, "आगं, रिपोर्ट अजून आला न्हाय. आज काय हाय तेवढं सांग की."

"आज डोंबल आहे."

"बरं. ताप किती हाय?"

ताप कमी होता. भाजीत मीठ नव्हतं. थोरल्या म्हशीनं भाऊजींना, म्हणजे माझ्या दिरांना, लाथ मारली होती. आजचं एवढंच होतं. मग रोज हेच सुरू झालं. माझं मन भलतीकडं गेलं की हे विचारायचे, आज काय हाय? मला राग यायचा, पण जीव थोडा थाऱ्यावर यायचा.

रिपोर्ट आला त्या सकाळी भाऊजी नेहमीसारखे घरून दुधाची किटली घेऊन आले होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही. ब्रुसेलोसिस आहे. जनावरांकडून येणारा जंतूंचा आजार, कच्च्या दुधातून होतो. गोळ्यांनी बरा होईल, पण कोर्स मधेच सोडायचा नाही. दूध तापवून पिता ना?"

आम्ही तिघांनीही किटलीकडं बघितलं.

"म्या तर रोज धारेचं ताजं आणतोय की," भाऊजी हळूच म्हणाले. "ताकद यावी म्हनून."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. मी हसायला लागले आणि हसता हसता रडले.

नंतर घरातल्या सगळ्यांची आणि म्हशींचीही तपासणी झाली. आता आमच्याकडं दूध चांगलं उकळल्याशिवाय कुणाच्या हातात पडत नाही, आणि हे साय बघून तोंड वाकडं करत का होईना, पितात. त्या डॉक्टरबाईंचे उपकार आहेतच. पण तो दिवस आठवला की मला वेगळंच आठवतं. डॉक्टरबाई गेल्या आणि मी डोळे पुसायला पदर ओढला, तर तो येईना. त्याचं टोक ह्यांच्या मुठीत होतं, घामानं ओलं, पार चुरगळलेलं.

"तुम्हालाही भीती वाटत होती?"

"लई," हे म्हणाले. "म्हनून तर रोज तुला इचारत हुतो."