आधी पेशंट, मग आभार

दादांचा माईक बंद झाला तेव्हा ते अजून आभारच मानत होते.

मी ऑफिसात टीव्हीसमोर उभी होते. ऑफिस म्हणजे खासदारांना मिळालेल्या फ्लॅटची पुढची खोली: दोन टेबलं, एक प्रिंटर आणि मतदारसंघातून आलेल्या शालींनी भरलेलं कपाट. पडद्यावर आमचे खासदार दिगंबरदादा हात जोडून उभे होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग कॅमेरा दुसऱ्या एका सदस्या बाईंकडे वळला आणि त्यांनी त्यांच्या जिल्ह्यातल्या माकडांच्या उपद्रवाबद्दल बोलायला सुरुवात केली.

माझ्या शेजारच्या खुर्चीत शेख बाई बसल्या होत्या. बोरसावळीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या निवृत्त शिक्षिका.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"आपल्या स्टेशनचं नाव कधी घेतलं त्यानं?"

"नाही घेतलं."

बाईंनी चष्मा काढून डबीत ठेवला. "चौथीतही असंच करायचा. पेपरवर स्वतःचं नाव छान अक्षरात लिहायचा, भोवती वेलबुट्टी काढायचा. तोवर घंटा व्हायची."

मी खासदारांची पीए आहे. आजवर चार खासदार आणि तीन पक्ष झाले. स्टेपलर तोच आहे. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे सरोजिनी नगरचं क्वार्टर. लोकांना वाटतं, संसदेत रोज देशाचं भवितव्य ठरत असेल. ठरतही असेल. पण माझ्या टेबलावर येतं ते वेगळं असतं. पुलाखाली पाणी साचतं. मोबाइलला रेंज नाही. पोस्टात माणूस नाही. आणि सगळ्यांत जास्त वेळा येतं ते हे: आमच्या स्टेशनवर गाडी थांबत नाही.

बोरसावळीला सकाळची एक्स्प्रेस पूर्वी दोन मिनिटं थांबायची. महामारीत गाड्या बंद झाल्या, मग सुरू झाल्या, पण हा थांबा परत आला नाही. बाकी गावाला फारसा फरक पडला नाही. पोरं मोटारसायकलवर जातात. फरक पडला तो डायलिसिसवाल्यांना. जिल्ह्याच्या रुग्णालयात त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं, आणि तिथे वेळेवर पोचवणारी तेवढी एकच गाडी होती. आता सगळे मिळून जीप करतात. खड्ड्यांच्या रस्त्यानं जायचं, सुया लावून पडून राहायचं, अंगातलं त्राण गेल्यावर त्याच खड्ड्यांतून परत यायचं. बाईंचे मिस्टर त्यांपैकी एक. मिस्टरांना भाच्याच्या हवाली करून बाई दिल्लीला आल्या होत्या आणि कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात उतरल्या होत्या.

त्यांचं काम शून्य प्रहरात बसणारं होतं. प्रश्नोत्तरांचा तास संपला की दुपारी सदस्यांना तातडीचे विषय मांडता येतात, तो शून्य प्रहर. सकाळी ठरलेल्या वेळेआधी नोटीस द्यायची. नोटिसा ढीगभर येतात, म्हणून चिठ्ठ्या निघतात. नाव निघालं तर पुकारा होतो, आणि जेमतेम दोनेक मिनिटं मिळतात. वेळ संपली की माईक बंद आणि पुढचं नाव.

मी दादांना अर्ध्या पानाचा मजकूर दिला होता. दादांनी त्याच्या आधी एक पान जोडलं. पीठासीन अधिकाऱ्यांचे आभार, पक्षनेतृत्वाचे आभार, जिल्हाध्यक्षांचे आभार, मतदारसंघाच्या पावन भूमीला वंदन. पावन भूमीपर्यंत पोचले, तिथेच आवाज गेला.

दुपारी दादा आले ते खूश होते. त्यांनी चारचाकी लावायच्या आधीच फोन करून सांगितलं होतं की क्लिप कापून तयार ठेवा.

"मॅडम, कसं झालं?"

मी बाईंकडे पाहिलं. दादांनी त्यांना पाहिलं आणि एकदम सरळ उभे राहिले. दिल्लीत आल्यापासून मी त्यांना कुणासमोर असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"बाई, तुम्ही केव्हा आलात?"

"तू वंदन करत होतास तेव्हा इथेच होते. बस."

दादा बसले.

"दिगंबर, थांबा किती मिनिटांचा मागतोय आपण?"

"दोन, बाई."

"तुला बोलायला किती मिळाली?"

"तेवढीच. पण बाई, सभागृहाची एक रीत असते. आभार मानल्याशिवाय सुरुवात केली तर बरं दिसत नाही. वरचे लोक बघत असतात."

"बरं. आता असं समज, गाडी बोरसावळीला थांबली. मी ह्यांना घेऊन उभी आहे. मी आधी गार्डला नमस्कार केला, मग इंजिनवाल्याला हार घातला, मग स्टेशनमास्तरच्या आईवडिलांची चौकशी केली. हे गाडीत चढणार कधी?"

दादा माझ्याकडे बघायला लागले. मी प्रिंटरमध्ये कागद घातले.

"आधी पेशंट चढवायचा," बाई म्हणाल्या. "मग पिशवी. मग निरोप. गाडी सुटली तर निरोप राहतो, पेशंट राहत नाही."

त्या दिवशी दादांनी माझ्यासमोर आठ-दहा वेळा भाषण म्हटलं. बाई हातातलं घड्याळ बघत होत्या. पहिलं वाक्य असं ठरलं: बोरसावळीला सकाळच्या एक्स्प्रेसचा दोन मिनिटांचा थांबा पुन्हा द्यावा, कारण डायलिसिसच्या रुग्णांना रुग्णालयात नेणारी दुसरी गाडी नाही. त्यानंतर रुग्णांची हकिकत. त्यानंतर वेळ उरला तर आभार. दादा तिसऱ्यांदा "अध्यक्ष महोदय, सर्वप्रथम मी" असं म्हणाले तेव्हा बाईंनी नुसती भुवई उचलली. चौथ्यांदा ते म्हणाले नाहीत.

भाषण तयार झालं. संधी मात्र मिळेना. रोज सकाळी नोटीस टाकायची आणि यादीची वाट बघायची. एक दिवस नाव नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर नाव आलं, तर प्रश्नोत्तरांच्या तासातच फलक निघाले, घोषणा झाल्या आणि कामकाज दिवसभरासाठी तहकूब. विषय महत्त्वाचाच असणार. तो काय होता ते मला आज आठवत नाही.

रोज दुपारी बाई ऑटोनं सदनात परत जायच्या आणि संध्याकाळी फोन करायच्या. मग एके दिवशी सकाळी लवकरच आल्या. पदराचं टोक मुठीत होतं.

"काल जीपवाला आला नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडे लग्न होतं. ह्यांचं डायलिसिस चुकलं. भाचा म्हणतो, पाय सुजलेत, धाप लागतेय. आज नेतोय कुणाची तरी गाडी करून. वंदनाताई, माझं उद्याचं तिकीट काढून द्या."

मी तिकीट काढलं. उद्या अधिवेशन संपत होतं. म्हणजे आता आज किंवा उद्या. नाहीतर पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबायचं. आणि डायलिसिस काही अधिवेशन बघून होत नाही.

मग मी आमच्या धंद्यातलं एक हत्यार काढलं. सभागृहात साहेब लोक एकमेकांवर तुटून पडतात. आम्ही पीए लोक एकाच कँटीनमध्ये ब्रेड पकोडा खातो. तीच एक्स्प्रेस पुढे ज्या मतदारसंघातून जाते, तिथले खासदार विरोधी पक्षाचे. त्यांचे पीए मिश्राजी माझे जुने दोस्त. एखाद्या सदस्यानं मांडलेल्या विषयाशी दुसरा सदस्य लेखी कळवून स्वतःचं नाव जोडू शकतो. भाषण करावं लागत नाही, पण नोंदीत नाव येतं. आणि मागणीखाली दोन्ही बाजूंची नावं दिसली की मंत्रालयात ती फाइल थोडी वर सरकते, असा माझा अनुभव आहे.

"मिश्राजी, आपके यहाँ भी तो डायलिसिसवाले होंगे," मी म्हटलं.

"होंगे नहीं मॅडम, हैं. मेरे मामाजी ही हैं. स्लिप तैयार रखता हूँ. बस आपके दादा इस बार आभार में न अटकें."

म्हणजे दिल्लीभर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी नाव निघालं. यादीत अगदी खाली. मी चहा ठेवला आणि विसरले. बाईंचं सामान दाराशी होतं. त्यांची गाडी संध्याकाळची. घरून फोन आला होता: मिस्टरांना रुग्णालयात ठेवून घेतलं होतं, धाप कमी होती. बाईंनी चष्मा घातला आणि टीव्हीसमोर बसल्या.

सभागृह शांत होतं. हेच मोठं आश्चर्य. नावं भराभर पुढे जात होती. कुणी भटक्या कुत्र्यांबद्दल बोललं, कुणी हमीभावाबद्दल, कुणी विमानतळाच्या नावाबद्दल. पीठासीन सदस्य घाईत होते, "कृपया संक्षेप में" म्हणत होते. आमचं नाव जवळ येत होतं. कॅमेरा मागच्या बाकांवरून फिरला.

"दिगंबर कुठंय?" बाईंनी विचारलं.

दादांची जागा रिकामी होती.

पुकारा झाला आणि सदस्य जागेवर नसला की नाव गेलं. पुन्हा नोटीस, पुन्हा चिठ्ठी, पुढचं अधिवेशन. मी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. इतक्या वर्षांत मंत्रिमंडळं आली नि गेली, तेव्हाही मी कुणाला असे लागोपाठ फोन लावले नव्हते. तिसऱ्यांदा उचलला.

"मॅडम, अहो मी दारापाशी आहे. आपल्या तालुक्याचं शिष्टमंडळ आलंय. सत्कार आहे. फोटो झाला की पाचच मिनिटांत..."

बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"दिगंबर, जागेवर जा."

आवाज चढवला नाही. फोन बंद झाला.

आम्ही दोघी पडद्याकडे बघत राहिलो. एका सदस्याचं भाषण संपलं. दुसऱ्याचं सुरू झालं. ते गृहस्थ एरवी लांबण लावण्यात प्रसिद्ध. मी त्यांच्यावर आयुष्यभर वैतागले. त्या दिवशी मनात म्हटलं, बोला साहेब, सावकाश बोला. ते बोलले. त्यांचा माईक गेला. दादांचं नाव पुकारलं गेलं.

कॅमेरा त्यांच्या जागेवर आला. जागा रिकामी. मग कडेनं एक खांदा दिसला आणि दादा धापा टाकत उभे राहिले. गळ्यात सत्काराची शाल तशीच होती.

"बोरसावळी," दादा म्हणाले.

नमस्कार नाही, महोदय नाही, काही नाही. थेट बोरसावळी. मी टेबल धरलं. पुढचं वाक्य पूर्ण आलं: गाडी, थांबा, दोन मिनिटं, डायलिसिस. मग त्यांनी कागद खाली ठेवला.

"माझ्या बाईंनी मला वाचायला शिकवलं. त्यांचे मिस्टर परवा डायलिसिसला जाऊ शकले नाहीत, कारण जीपवाल्याकडे लग्न होतं. माणसाचा उपचार कुणाच्या लग्नावर अवलंबून नसावा, एवढंच माझं म्हणणं आहे."

हे मी लिहिलेलं नव्हतं. विरोधी बाजूनं बाकं वाजली. मिश्राजींचे साहेब हात वर करून उभे राहिले, त्यांच्या मागे आणखी काही जण. पीठासीन सदस्यांनी एकामागून एक नावं घेतली आणि विषयाशी जोडून घेतली.

बाई चष्मा काढून पुसत होत्या, आणि पुसून झाल्यावरही पुसत होत्या.

पडद्यावर दादांनी घड्याळाकडे पाहिलं. वेळ उरला होता. त्यांचे हात जोडले गेले. "आणि आता मी सर्वप्रथम आभार मानतो..." दुसऱ्या आभारावर माईक बंद झाला.

"असू दे," बाई म्हणाल्या. "पेशंट चढलाय."

बाकीचं थोडक्यात. मतदारसंघात क्लिप गेली ती "दादांचा आवाज दाबला" अशा मथळ्यानं, आणि दादांना आयुष्यात कधी नव्हे एवढी प्रसिद्धी मिळाली. त्यांना तो मथळा मान्य नव्हता, पण त्यांनी खोडलाही नाही. मंत्रालयातून आधी एक पत्र आलं, की बाब तपासली जात आहे. मी त्यानंतर स्मरणपत्रं पाठवत राहिले, मिश्राजी त्यांच्या बाजूनं. काही महिन्यांनी थांबा मंजूर झाला. प्रायोगिक तत्त्वावर, म्हणजे चालला तर ठेवू.

पहिल्या दिवशी बोरसावळीला दादा हिरवा झेंडा दाखवणार होते. मी दिल्लीतून व्हिडिओ कॉलवर बघत होते. इंजिनाजवळ मांडव, बँड, हार, जिल्हाध्यक्ष, उपजिल्हाध्यक्ष. पुढच्या डब्यांची दारं कार्यकर्त्यांनी अशी भरली होती की आत चढायला जागा नव्हती. दादांनी माईक हातात घेतला. सर्वप्रथम आभार मानले. ते आभार मानत असतानाच शिट्टी झाली आणि गाडी हलली. झेंडा मागाहून वर गेला.

मी लगेच बाईंना फोन लावला.

"बाई, पेशंट राहिले का हो?"

मागे गाडीचा आवाज येत होता.

"राहतील कशाला? मला तो चौथीपासून माहीत आहे. सत्कार इंजिनाजवळ होता ना, म्हणून आम्ही सगळे शेवटच्या डब्याजवळ उभे होतो. ह्यांना खिडकी मिळाली. ठेवते, चहावाला आलाय."

तेव्हापासून मी कुठल्याही साहेबांचं भाषण टाइप करते तेव्हा मागणी पहिल्या ओळीत घालते आणि आभार शेवटच्या पानावर. शेवटचं पान हरवलं तरी चालतं.