पूर्वेला दिसलेला शुक्र

वर्तमानपत्राला ते पत्र मी लिहिलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण नंतर बरीच वर्षं मी सगळा दोष जीपमधून आलेल्या त्या साहेबावर टाकत राहिले.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. मरोळच्या बाजूच्या एका गावठाणातल्या मराठी शाळेत तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता. राहायला पार्ल्याला, आईवडिलांकडे. अंधेरीवरून पक्क्या रस्त्याने गेलं तर दुप्पट वेळ लागे, म्हणून मी विमानतळाच्या कुंपणाच्या कडेने, शेतांमधून चालत जात असे. वाट एका मळ्याच्या बांधावरून जायची. मळा गावातल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातल्या एका पन्नाशीच्या माणसाचा होता. बायको गेलेली, मूलबाळ नाही. मी त्यांना काका म्हणायची. ते मला टीचर म्हणायचे आणि अगंतुगं करायचे. गावात सगळे एकमेकांना तूच म्हणत. तुम्ही म्हणायचं ते तलाठ्याला, फौजदाराला, परक्याला.

काकांची अर्धी जमीन दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत धावपट्टीखाली गेली होती. उरलेल्या अर्ध्या जमिनीवर ते भात आणि भाजी घेत. डोक्यावरून दिवसभर विमानं जायची. मान वर न करता, नुसत्या आवाजावरून ते सांगत, "हे कराचीचं. हे आपलं टपालाचं. ह्याचं डावं इंजिन खोकतंय." आणि लगेच थुंकायचे. विमानावर त्यांचा राग होता, पण त्यातलं त्यांना जेवढं कळत होतं तेवढं आमच्या शाळेत कुणालाच कळत नव्हतं.

भाताची कापणी झाली होती. वह्या तपासत बसल्यामुळे मला निघायला उशीर झाला. सूर्य नुकताच बुडाला होता, उजेड पुरेसा होता. काका बांधावर भाऱ्यांपाशी उभे होते. त्यांनी मला हाक मारली नाही, फक्त हात वर करून थांबवलं.

पवईच्या डोंगरावर, हवेत, एक गोल वस्तू उभी होती. तांब्याच्या रंगाची, कडा स्वच्छ, किंचित कललेली. ती हलत नव्हती. आवाज अजिबात नव्हता. मी काही विचारायला गेले तर काका म्हणाले, "गप राहा. ऐकू दे." मग ते पुटपुटत प्रार्थना म्हणू लागले. त्यांची प्रार्थना संपली, त्यांनी ती पुन्हा सुरू केली आणि दुसऱ्यांदा संपता संपता ती वस्तू निघाली. आमच्या डोक्यावरून, विमानतळावरून, जुहूच्या समुद्राकडे. वेग असा की मान वळवेपर्यंत ती गेलेली. वाराही हलला नाही.

काका बराच वेळ समुद्राच्या बाजूला बघत राहिले. मग म्हणाले, "ह्याला इंजिन नाही."

"काय असेल, काका?"

"मला काय ठाऊक. पण टीचर, हे कागदावर घालू नको. तुला सवय आहे कागदाची, म्हणून सांगतो."

मी हो म्हटलं. आठ दिवस गप्प बसलेसुद्धा. पण घरी वडील हसले. मुख्याध्यापक म्हणाले, "चष्म्याचा नंबर तपासून घ्या." आणि मला वाटलं, मी पाहिलंय ते कुणीतरी गंभीरपणे घ्यावं. मी एका मराठी दैनिकाला सविस्तर पत्र लिहिलं. खाली माझं नाव आणि शाळेचा पत्ता. शिवाय आपलं म्हणणं पक्कं व्हावं म्हणून एक वाक्य घातलं, की त्या शेताचे मालक, गावातले एक ख्रिस्ती शेतकरी, हेही माझ्यासोबत होते. पत्र छापून आलं, वर टवाळीचा मथळा होता.

दोन आठवड्यांनी दुपारी शाळेच्या आवारात लष्कराची जीप उभी राहिली. एक तरुण साहेब आणि टाइपरायटर घेतलेला एक कारकून. साहेबाला मराठी येत नव्हती. माझा वर्ग बाहेर चिंचेखाली बसवला गेला, माझ्या टेबलावर टाइपरायटर आला आणि काकांना गावातून बोलावून आणून मुलांच्या बाकावर बसवलं. त्यांचे गुडघे छातीला टेकले होते. मला दुभाषी म्हणून मध्ये उभं केलं. मुख्याध्यापक दारात थांबले, आत आले नाहीत.

साहेबाचा पहिला प्रश्न मलाच होता. "विमानतळाजवळ काय दिसतं ते छापायची परवानगी तुम्हाला कुणी दिली?"

मी म्हटलं, "आकाशाकडे बघायला परवानगी लागते हे मला माहीत नव्हतं."

तो हसला नाही. त्याने काकांकडे बोट केलं. "विचारा, केवढं होतं."

काकांनी हात लांब केला. "असा हात धरला तर भाकरीएवढं. आमची, तांदळाची."

मी सांगितलं. कारकुनाची बोटं थांबली. साहेब म्हणाला, "प्लेट लिही."

"भाकरी म्हटलं मी," काका म्हणाले. प्लेट हा शब्द त्यांना कळला होता.

"किती वेळ होतं?"

"'आमच्या बापा' दोनदा म्हणून झालं, तेवढा वेळ."

ही ख्रिस्ती लोकांची रोजची प्रार्थना, हे मी साहेबाला समजावलं. त्याने मनगटावरचं घड्याळ पुढे धरलं आणि म्हणाला, "म्हणायला सांगा. मी वेळ मोजतो."

काका बाकावरून उठले. हात जोडले, सुरुवात केली. चार ओळी झाल्या आणि त्यांचं लक्ष घड्याळावरच्या त्या नजरेकडे गेलं. ते थांबले.

"पुढे," साहेब म्हणाला.

"ही प्रार्थना आहे. घड्याळ लावायला नाही." ते परत बाकावर बसले.

मी हे भाषांतर करताना सौम्य केलं. साहेबाला ते आवडलं नाहीच. त्याने विचारलं की कंदील लावलेला पतंग उडवून कुणी इशारे देत होतं का, काकांकडे कुणी परके लोक येतात का, धावपट्टीसाठी जमीन गेली म्हणून त्यांच्या मनात सरकारबद्दल राग आहे का. शेवटच्या प्रश्नाला काका म्हणाले, "आहे." मी तेही सांगितलं. टाइपरायटर खडखडला.

मग साहेब मागे टेकला आणि थेट हिंदीत म्हणाला, "पीता है?"

दारूबंदी येऊन काही वर्षं झाली होती. गावठाणात लग्नाकार्याला घरी मोहाची दारू गाळायची पद्धत कायद्याने संपली नव्हती. ती फक्त परसात, चुलीमागे सरकली होती. हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही.

"नाही," काका म्हणाले.

साहेब माझ्याकडे वळला आणि इंग्रजीत, सावकाश बोलला. "तुम्ही शिकलेल्या बाई आहात. त्या संध्याकाळी त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता का?"

येत होता. संध्याकाळी शेतातून हात धुतल्यावर ते एक पेला घेत आणि त्या दिवशीही घेतला होता. ते झिंगलेले नव्हते, त्यांचा ना शब्द अडखळत होता ना पाऊल. नाही म्हणाले असते तर खोटं झालं असतं आणि हो म्हणाले असते तर त्यांना तुरुंग होता. नाही म्हणायला हवं होतं. आज मी हे एका क्षणात सांगू शकते. तेव्हा मात्र दारातल्या मुख्याध्यापकांकडे माझी नजर गेली, माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती ते आठवलं आणि मी म्हणाले, "मला सांगता येणार नाही."

साहेबाने कारकुनाला मोठ्याने मजकूर सांगितला: साक्षीदाराने मद्य घेतले होते, हे शिक्षिका नाकारत नाहीत.

"काय विचारलं त्याने?" काकांनी मला विचारलं.

"वास कसला येत होता का, म्हणून."

"आणि तू काय सांगितलंस?"

मी फळ्यावरचं पुसायला घेतलं. त्यांना समजलं. बाकातून उठायला त्यांना वेळ लागला, पाय अडकले होते. मी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही.

चार दिवसांनी पोलीस गावात आले. हवालदाराने कोपऱ्यावर विचारलं, "उडती थाळी बघणाऱ्याचं घर कुठलं?" त्यांनी काकांचं परस खणलं, मडकी फोडली, नळी जप्त केली आणि काकांना घेऊन गेले. ते तीन आठवडे आत होते. त्यांच्या भाताची झोडणी गावाने केली.

माझ्या वर्गातली गावठाणातली मुलं यायची बंद झाली. एका मुलीची आई शाळेच्या फाटकापर्यंत आली आणि सर्वांसमक्ष म्हणाली, "तुम्ही पार्ल्याचे लोक. आमच्या बांधावरून चालायचं, आमच्या विहिरीचं पाणी प्यायचं आणि वर आम्हालाच आत टाकायचं." मुख्याध्यापकांनी मला आत बोलावून सांगितलं की शाळेच्या पटावर परिणाम झाला तर ते वरिष्ठांना लेखी कळवतील. घरी वडील म्हणाले, "लष्कराच्या कामात तू पडलीसच का?" मी पडले नव्हते, मला ओढलं होतं, असं मी म्हटलं. पत्राची आठवण त्यांनी करून दिली.

काका सुटून आल्याच्या दुसऱ्या दिवशी बांधाच्या दोन्ही टोकांना बाभळीच्या काट्या रचलेल्या होत्या. मी साडी सावरून काट्यांच्या पलीकडून त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते ओट्यावर बसलेले होते. गालफडं बसली होती. पायऱ्यांशी उभी राहून मी म्हणाले, "काका, मी हो म्हटलं नव्हतं."

"नाहीही म्हटलं नाही तुम्ही."

तुम्ही. ते ऐकल्यावर पुढचं बोलणं मी तोंडातच गिळलं असतं तर बरं झालं असतं. पण मी म्हणाले, "खोटं कसं बोलणार होते मी?"

"मी खोटं बोललो ना? तुमच्यासमोर. सगळ्यांनाच जमतं ते, जेव्हा कुणाला वाचवायचं असतं." त्यांनी कोयता उचलला, तो नारळ सोलण्यासाठी होता, पण मी एक पायरी मागे झाले. त्यांनी ते पाहिलं. "घाबरू नका. जा आता. आणि रस्त्याने जा."

मी रस्त्याने जाऊ लागले. रोज पाऊण तास जास्त.

फेब्रुवारीत तोच साहेब पुन्हा आला. या वेळी जीपमधून उतरलाच नाही, कारकुनाकरवी दोन कागद पाठवले. चौकशी संपली होती. सदर संध्याकाळी दिसलेली वस्तू शुक्र ग्रह होती आणि धुक्यामुळे तिचा आकार मोठा भासला, हे आम्हा दोघांना मान्य आहे, असा मजकूर होता. काकांचा कागद सही होऊन आला होता. कारकून मला म्हणाला, "त्याने वाचलासुद्धा नाही, बाई. म्हणाला, मी काही पाहिलंच नाही, आणि सही केली. तुम्हीही करून टाका."

मी कागद वाचला आणि जीपपाशी गेले.

"शुक्र संध्याकाळी पश्चिमेला असतो," मी म्हणाले. "पवई पूर्वेला आहे. मी तिसरीला दिशा शिकवते."

"सही करा."

"'काय होतं ते कळलं नाही' असं लिहा, मी आत्ता सही करते."

"तुमच्या शेतकऱ्याने केली आहे."

"त्यांनी का केली ते तुम्हाला माहीत आहे."

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग होता आणि थोडी कीवही. "बाई, मला सोळा जागी जायचंय. तुम्ही काय पाहिलं याच्याशी कुणालाही देणंघेणं नाही. मला फाइल बंद करायची आहे."

मी कागद त्याच्या मांडीवर ठेवला. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. जिथे बोलायला हवं होतं तिथे मी गप्प बसले होते आणि आता ज्याने कुणाचंच भलं होणार नव्हतं तिथे अडून बसले होते. हे मला तिथे उभ्याउभ्याच कळत होतं. तरी सही केली नाही.

जूनमध्ये माझी बदली मुलुंडला झाली. त्या कागदामुळे झाली की पट कमी झाल्यामुळे, ते मला कुणी सांगितलं नाही. मुलुंडच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत राहिले.

काका गेल्याचं मला फार उशिरा कळलं. पार्ल्याच्या बाजारात गावठाणातल्या बायका भाजी घेऊन बसत, त्यांच्यात त्यांची भावजय होती. तिने मला ओळखलं नाही. मी गावातल्या शाळेत होते एवढंच सांगितलं आणि काकांची चौकशी केली. तिने वांगी तोलता तोलता सांगितलं की शेवटच्या आजारपणात ते अंगणात खाट टाकून घेत आणि येणाऱ्याजाणाऱ्या पोराला ती गोष्ट सांगत. डोंगरावर उभं राहिलेलं तांबडं, भाकरीएवढं, बिनइंजिनाचं. लष्कराने खोटं लिहून घेतलं, तेही सांगत.

"ते एकटेच होते का तेव्हा?" मी विचारलं.

"एकटेच," ती म्हणाली. "बांधावर कुणीच नव्हतं म्हणायचे. मिरच्या देऊ का?"

मी मिरच्या घेतल्या.