हलणारी बशी

दोन हजार सोळा साल, माझं वय एकाहत्तर. टपरीवर एक अनोळखी माणूस दोन्ही हातांनी बशी धरून चहा पीत होता, तरी चहा सांडत होता. माझ्या बशीवर फुंकर घालत मी टोमणा मारला, "सकाळीच घेतली का पाव्हणं?"

"दारू नाय बाबा, दुखण्याच्या गोळ्या सुटंनात. सरकारी दवाखान्यात उपचार चाललेत. तुमची बी बशी हलतीय की."

कंबरेसाठी मीही तसल्याच गोळ्या खायचो. एखादी चुकली की अंग मोडायचं, डोळ्यांतून पाणी गळायचं. पण दारूला कधी शिवलो नाही, मग व्यसन कसलं, हा माझा ताठा. आपला हात हलतोय हे दुसऱ्यानंच सांगावं लागतं, आणि बायको गेल्यापासून चहाला समोर कुणी बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंपुढं गोळ्यांचं रिकामं पाकीट ठेवून म्हणालो, "बाई, हे माझ्यानं सुटत नाही."