चाल : स्वतंत्र

मेळ्याच्या पदांची पुस्तिका छापली जाई तेव्हा प्रत्येक पदाच्या डोक्यावर एक ओळ असे. "चाल" असा शब्द आणि त्यापुढे एखाद्या नाटकातल्या पदाची सुरुवात. गणेशोत्सवात मेळे गल्लोगल्ली गात फिरत. गाणाऱ्यांपैकी कोणाला स्वरलेखन येत नसे. ती एक ओळ वाचली की शब्द कोणत्या सुरांवर म्हणायचे ते त्यांना समजे. श्रोत्यांनाही समजे, आणि ओळखीची चाल नव्या शब्दांत ऐकणे हा त्यांच्या आनंदाचा अर्धा भाग होता. चाल उसनी घेण्यात कोणाला कमीपणा वाटत नसे, कारण ती कोणाची ते वरच लिहिलेले असे.

निपाणीतल्या आमच्या मेळ्यासाठी दोन वर्षे या ओळी मी पुरवल्या. मी तेव्हा बेळगावात एका साप्ताहिकाच्या कचेरीत होतो. बातम्या लिहायच्या आणि प्रुफे तपासायची, अशी दोन्ही कामे माझ्याकडे होती. शनिवारी अंक छापायला गेला की मी सर्व्हिस मोटारीने निपाणीला येई आणि सोमवारी पहाटे परते. लढाई चालू होती, पेट्रोल मिळत नसे. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार तवंदीच्या घाटात इतकी हळू चढे की उतारू खाली उतरून बरोबरीने चालत. त्या वेळात मी पदे गुणगुणून पाही. नाटकांतल्या चाली मला पुष्कळ पाठ होत्या आणि हातात आलेल्या पदाच्या मापाची चाल मी बहुधा घाट संपायच्या आत शोधून काढी. हे काम मी चांगले करीत असे. तसे लिहिण्यात मला संकोच नाही.

मेळ्याची पदे मराठी शाळेतले मास्तर लिहीत. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो होतो. पेटीवर आप्पा असत. आप्पांचे बाजारपेठेत शिंप्याचे दुकान होते. तरुणपणी एका नाटक मंडळीबरोबर ते कपडे शिवायला म्हणून हिंडले होते आणि पडद्यामागे सुई ओवता ओवता त्यांनी मंडळीचे सगळे संगीत पाठ केले होते. कोणतेही पद ऐकवा, ते नाटक, अंक आणि गाणारे पात्र सांगत. तालीम त्यांच्याच दुकानात होई. संध्याकाळी शिलाईची यंत्रे भिंतीकडे सरकवली जात आणि तंबाखूच्या वखारींतले, दुकानांतले दहा-बारा तरुण सतरंजीवर दाटीने बसत.

तिसऱ्या वर्षी मास्तरांनी एक पद दिले. दूर दिलेली लेक रस्त्याने जाणारी गाडी थांबवते आणि गाडीवानाजवळ माहेरी निरोप देते, एवढाच विषय. पहिली ओळ होती, "गाडीवानदादा, सांग घरी, लेक सुखात आहे." पुढच्या ओळी कुठे आखूड, कुठे लांब. माझ्याजवळच्या एकाही चालीत ते पद बसेना. ओळी मापात करून द्या, असे मी मास्तरांना म्हणालो.

"बाई निरोप सांगायला लागली की मात्रा मोजते का?" ते म्हणाले. "पद आहे तसंच राहील. चाल नसली तर तू कर. दोन वर्षं दुसऱ्यांच्याच चालवतोयस."

मी केली. चार दिवसांत झाली. इतक्या सहज झाली याचा संशय यायला हवा होता, तो आला नाही. पुस्तिका आमच्याच छापखान्यात छापली जात होती आणि तिचे प्रूफ माझ्याच हातून जात होते. त्या पदावरची जागा रिकामी होती. मी तिथे "चाल : स्वतंत्र" असे लिहिले. तोपर्यंत ती चाल माझ्याखेरीज कोणी ऐकलेली नव्हती. शब्द आधी छापायचा आणि पडताळा नंतर पाहायचा, ही चूक मी बातमीत केली असती तर संपादकांनी मला त्याच दिवशी घरी पाठवले असते.

शनिवारी ते प्रूफ घेऊन मी तालमीला गेलो. आप्पांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, कागद दाराच्या उजेडात धरला आणि त्या ओळीवर बोट ठेवले.

"ही स्वतंत्र म्हंजे कुणाची रं?"

"माझी."

"म्हण बघू."

मी म्हटली. आप्पा पेटीवर साथ करीत होते. पहिली ओळ अर्धी झाली आणि त्यांचा हात माझ्या पुढे गेला. मी जिथे जाणार होतो तिथे ते आधीच पोचून माझी वाट पाहत होते. ओळ संपल्यावर त्यांनी एका नाटकाचे नाव घेतले आणि तेच सूर त्या नाटकातल्या शब्दांसकट म्हणून दाखवले. दुसऱ्या ओळीला दुसरे नाटक. तिसऱ्या ओळीला ते क्षणभर थांबले, तेव्हा मला आशा वाटली.

"ही कानडी कंपनीची हाय," ते म्हणाले. "संकेश्वरात तंबू पडला हुता, तवा ऐकली असशील."

मी ऐकली होती.

तालमीतले तरुण हसू लागले. वखारीत वजनकाट्यावर असणारा एकजण म्हणाला, "बातमीदार, चोरीची बातमी बी आता तुमीच छापा की."

"हसू नगासा," आप्पा म्हणाले. "त्यानं चोरल्यालं न्हाय. चोराला निदान ठावं असतंय आपण काय उचललं ते."

हे समर्थन होते की आणखी एक फटका, ते मला ठरवता आले नाही. छापखान्यात शब्द जुळवून झाले आहेत, असे मी काहीतरी बोललो.

"छापलं म्हंजे खरं हुतंय व्हय?" आप्पांनी प्रुफाची घडी करून माझ्या हातात दिली. "दुसऱ्याच्या चालीवर तुझं नाव घालून मी पेटी वाजवायचा न्हाय. फुडच्या शनवारी नवी आण. मला गावली न्हाय तर तुझी. गावली तर पद मेळ्यातनं काढायचं."

मास्तर कोपऱ्यात बसले होते. त्यांनी आप्पांना थांबवले नाही. त्या वर्षीचे त्यांचे सर्वांत चांगले पद माझ्या एका शब्दामुळे पणाला लागले होते आणि ते त्यांनी मला बोलून दाखवले नाही, हे जास्त लागले.

आमच्या संपादकांची एक पद्धत होती. बातमीच्या कागदाला डावीकडे रुंद समास सोडायचा आणि प्रत्येक विधानासमोर ते कोणी सांगितले ते लिहायचे. ज्याच्यासमोर काही लिहिता येणार नाही ते विधान खोडायचे. सोमवारी मी माझी चाल सरगम करून वहीत उतरवली आणि प्रत्येक तुकड्यासमोर उगम लिहीत गेलो. आप्पांनी सांगितलेले आधी, मग मला स्वतःला आठवलेले. नाटक, ग्रामोफोनची तबकडी, शाळेतली प्रार्थना, कीर्तनातली साकी. समास भरत गेला. त्या चालीत मी कुठेच नव्हतो.

एका तुकड्यासमोर मात्र जागा रिकामी राहिली. "सांग घरी" या शब्दांवर मधल्या सुरापासून वर एक उडी होती, तिथून आवाज घसरत खाली येत होता आणि षड्जावर, म्हणजे मूळच्या सा वर, न टेकता एक पायरी वर, रिषभावरच थांबत होता. हे कुठून आले ते कितीही आठवून सापडेना. बातमीत असा भाग खोडायचा असतो. इथे मी उरलेले सगळे खोडले आणि तेवढाच ठेवला.

बुधवारी शनिवारपर्यंतची रजा घेऊन मी निपाणीला गेलो. कारण साधे होते. बेळगावात माझ्या भाड्याच्या खोलीत मोठ्याने गाता येत नव्हते. सदलग्याला दिलेली माझी थोरली बहीण त्या आठवड्यात माहेरी आली होती. आक्का दारात बसून शेंगा फोडत होती.

"आलास व्हय रं?" ती म्हणाली.

मी पिशवी हातात घेऊन तसाच उभा राहिलो. "आलास" मधल्या सुरावर होता, "व्हय" वर गेला होता, आणि "रं" घसरत येऊन टेकायच्या आधी थांबला होता. पुन्हा म्हण, असे मी तिला सांगितले.

"बहिरा झालास का काय बेळगावात?" ती म्हणाली. तेही त्याच वळणाने.

हे वळण आमच्या सगळ्या मुलखाच्या बोलण्यात आहे. कचेरीत पहिल्या वर्षी त्यावरून माझी थट्टा झाली होती. निपाणीची तंबाखू अजून तोंडातून गेलेली नाही, असे एक सहकारी म्हणे. मी मेहनतीने बोलणे बदलले. ऱ्हस्वदीर्घ घासूनपुसून घेतले, वाक्य सरळ रेषेत संपवायला शिकलो आणि त्याचा मला अभिमानही होता. जे बोलण्यातून काढून टाकले होते तेच गाण्यात माझ्या नकळत शिल्लक राहिले होते.

मी आक्काजवळ बसलो आणि तिला पद वाचून दाखवले. चालीचे काही बोललो नाही.

"मास्तरानं लिवलंय?"

"व्हय."

"बरं लिवलंय. पर ती खोटं बोलती."

"कोण?"

"ती लेक. सुखात हाय म्हणून सांगायला कुणी वाटंवर गाडी थांबवत न्हाय."

गाडीवानाला सांगावेस तसे हे एकदा म्हणून दाखव, असे मी म्हणालो. तिने मला खुळा ठरवले, मांडीवरची टरफले झटकली आणि मग म्हटलेही. "सुखात आहे" या शब्दांवर तिचा आवाज खाली आला, पण टेकला नाही. ती स्वतः सुखात होती का, हे मी तिला विचारले नाही.

पुढचे दोन दिवस मी दोन नियम पाळले. ज्या तुकड्याचा उगम मला दुसऱ्या एखाद्या गाण्यात दाखवता येईल तो चालीत घ्यायचा नाही. आणि "सुखात आहे" हे शब्द पदात चार वेळा येत, ते एकदाही षड्जावर संपवायचे नाहीत. पहिला नियम कठीण गेला. कारागिरी हाताशी असली की हात तिच्याकडेच जातो. अंतऱ्यासाठी मी एक देखणी तान बांधली आणि तासाभराने ती एका तबकडीवरची आहे हे आठवून खोडली. त्या जागी शेवटी जे आले ते साधे होते. गाडी पुढे निघाली आहे आणि बाई मागून ओरडून सांगते आहे, तसे दोन लांब सूर आणि मध्ये श्वास. पुढे मी पुष्कळ चाली बांधल्या, त्यांतल्या काही या चालीपेक्षा सफाईदार आहेत. पण चाल कशी बांधायची हे मी त्या दोन दिवसांत शिकलो आणि ते कोणी शिकवले नाही.

शनिवारी तालमीला नेहमीपेक्षा जास्त माणसे होती. आपटीबार बघायला यावे तशी ती आली होती. आप्पांनी पेटीचा भाता धरला आणि मानेने खूण केली.

मी पद म्हटले. आप्पांचा हात या वेळी मागे राहिला. पहिल्या ओळीला ते माझ्या पुढे जायला निघाले, चुकीच्या सुरावर पोचले आणि परत आले. दुसऱ्या ओळीला त्यांनी अंदाज बांधणे सोडले आणि नुसते मागून येऊ लागले. पद संपल्यावर त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावले, मग आणखी एकदा. मध्येच डोळे मिटून पुटपुटत त्यांनी दोन-तीन जुनी पदे चाचपून पाहिली. एक अर्ध्यावर सोडले, दुसरे सुरुवातीलाच.

"एखादी तबकडी असंल की आप्पा," वजनकाट्यावरचा तरुण म्हणाला.

"असंल तर तू आण."

मास्तर आपल्या उपरण्याचे टोक बोटाला गुंडाळत होते.

"न्हाय गावत," आप्पा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जरा चिडून, "पर ही घरला येत न्हाय रं. समदीकडं जाती, पर सा वर काय येत न्हाय."

"ती लेकही घरी गेलेली नाही, आप्पा."

आप्पा यावर विचार करीत होते. तेवढ्यात मास्तरांनी विचारले, "मग पद राहिलं?"

"राहिलं," आप्पा म्हणाले. "आणि वरचा शबुद बी राहू दे. तपासलाय मी."

मी प्रूफ काढून त्यावर सही केली. सोमवारी ते छापखान्यात गेले.

तालीम तिथे संपली नाही. दोन वर्षांत आप्पांनी मला कधी चाल विचारली नव्हती. मी नुसते पदाचे नाव सांगे आणि ते वाजवू लागत. त्या संध्याकाळी त्यांनी पेटी उचलून माझ्यासमोर आणली, मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आता सावकाश म्हण. एकेक वळ."

मी एकेक ओळ म्हणत गेलो. ते ऐकत, वाजवत, थांबत. त्यांच्या निम्म्या वयाच्या माणसासमोर ते हे करीत होते आणि सगळा मेळा पाहत होता. तिसऱ्या वेळी सवयीने त्यांचे बोट "सुखात आहे" च्या शेवटी षड्जावर गेले.

"तिथं नाही, आप्पा. एक पायरी वर."

त्यांनी बोट उचलले आणि शेजारच्या पट्टीवर ठेवले.

"असं?"

"असं."