फळ्याचा डावा कोपरा

झाडे सर अचानक गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होते. फोन ठेवला आणि उरलेल्या वह्याही तपासून टाकल्या. दुसरं काय करावं, सुचलंच नाही. त्याला आता दीड महिना होतोय.

हिंगणघाटच्या आमच्या कॉलेजात आम्ही दोघं भौतिकशास्त्र शिकवायचो. ते सेलूकडचे, घरी भाजीपाल्याची शेती. डब्यात बारा महिने वांगी. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला क्वांटम मेकॅनिक्स त्यांच्याकडे. फळ्याचा डावा कोपरा त्यांनी मुलांना देऊन टाकला होता. ज्याला जे समजलं नाही ते त्याने तिथे लिहायचं, तास तिथूनच सुरू. समजेपर्यंत पुसायचं नाही. एकदा एका मुलीने लिहिलं : पेटीत कोंडलेला कण दुसऱ्या ऊर्जापातळीत असला की मधोमध कधीच सापडत नाही, तर डावीकडून उजवीकडे जातो कसा? झालं! चार दिवस त्या एका प्रश्नावर. शेवटी सर फळ्याला टेकून म्हणाले, "पोराहो, गणित मले येते. पण हे मले बी नाई समजून राह्यलं."

माझी पद्धत सरळ. समीकरण मांडा, सोडवा, उत्तराखाली रेघ मारा. असलं काही कुणी विचारलं की मी म्हणायचे, "परीक्षेत येत नाही, सोड." सरांचा पोर्शन दरवर्षी राहतो, अशी प्राचार्यांकडे तक्रार मीच केली... लिहायला जड जातंय, पण केली. विषय माझ्याकडे आला, सरांना पहिल्या वर्षाचा वर्ग मिळाला. वाटलं, आता बोलणं बंद होणार. कसलं काय! दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपल्या नोट्स आणून दिल्या. "मॅडम, तुमचं बी खरं हाय. पोरायले पास बी व्हा लागते. फक्त तेवढा कोपरा राहू देजा."

मी पहिल्याच तासाला पुसला. नंतर लाज वाटायची. माफी मागायची, असं दोन वर्षं ठरवत राहिले. रोज समोरासमोर चहा प्यायलो आणि मी अटेंडन्सबद्दल बोलत बसले.

सरांनी पहिल्या वर्षाला शिकवलेली मुलं यंदा माझ्यापुढे आहेत. परवा पेटीतला कण शिकवला. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तर डाव्या कोपऱ्यात खडूने तोच प्रश्न. डस्टर उचललं. मग ते ठेवून दिलं आणि प्रश्नाखाली लिहिलं : मलाही नाही समजलं. वीस वर्षं शिकवतेय हो मी!

तास संपल्यावर शिपाई फळा पुसायला आला. म्हटलं, "भाऊ, तेवढा कोपरा राहू द्या."

सरांनी एवढंच मागितलं होतं. दोन वर्षं उशीर झाला.