कवडूजींची शर्यत

तळेगावात हायवेला लागून कवडूजी डायगव्हाणे यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बल्ल्या, वर टिनं आणि खाली ऑइल पिऊन पिऊन काळी पडलेली जमीन. पण आर्वीपासून कारंजापर्यंत कुणाचीही राजदूत खोकायला लागली की लोक ती इथंच ढकलत आणत. माणूस मुलखाचा अबोल. आधी गाडीचं ऐकून घ्यायचे आणि मग एखादं वाक्य टाकायचे, "पिस्टन धरला," नाहीतर "क्लच प्लेट गेली." गिऱ्हाईक कुरकुरायचं, की हा पार्ट नागपुरातसुद्धा मिळत नाही. त्यावर कवडूजींचं उत्तर ठरलेलं असायचं. "भेटत नाई असं काई नसते. कोनी नीट पाह्यत नाई, हे खरं."

लोखंडाच्या बाबतीत हे खरंच होतं. एका बेअरिंगसाठी ते एकदा जबलपूरला जाऊन आले होते आणि बेअरिंग घेऊन आले होते. माणसाच्या शरीरालाही हाच कायदा लागू असेल असं त्यांना वाटलं, यात त्यांचा दोष तरी काय काढायचा?

त्यांची बायको देवकाबाई. १९८१च्या उन्हाळ्यात अंघोळ करताना तिच्या हाताला डाव्या छातीत गाठ लागली, हरभऱ्याएवढी. नवऱ्याला सांगायची लाज वाटली. मुलगी कांता तेव्हा पंधरा वर्षांची, तिला काय सांगणार? गाठ दुखतही नव्हती. म्हणून बाईनं ती पदराखाली झाकली आणि दीड वर्ष कापूस वेचला, पोळ्या लाटल्या, उन्हाळ्यात कुरड्या घातल्या. पुढच्या वर्षी दिवाळीत गाठ फुटून लुगड्याला डाग पडला, तेव्हा घरात कळलं.

सेवाग्रामच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कवडूजींना आणि देवकाबाईंचे मोठे भाऊ बंडूजी यांना बाजूच्या खोलीत बोलावलं. बंडूजींचं आंजीला किराणा दुकान होतं. घरातला शब्द त्यांचा. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की हा कॅन्सर आहे, यकृतापर्यंत गेला आहे, सहा महिने म्हणजे खूप. त्रास कमी करता येईल, बरं करता येणार नाही.

"औषधच नाई?" कवडूजींनी विचारलं.

"आज तरी नाही. जगभर संशोधन चालू आहे."

बंडूजी रुमालानं डोळे पुसत होते. कवडूजींनी मात्र शेवटचं वाक्य उचललं आणि खिशात घातल्यासारखं घरी आणलं.

आपल्याकडे या रोगाची एक रीत आहे. गावाला सांगायचं, सोयऱ्यांना पत्रं घालायची, एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही सांगायचं. ज्याला झाला त्याला तेवढं सांगायचं नाही. हे कुणी सुरू केलं देव जाणे, पण पाळतात सगळे. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच बंडूजींनी कवडूजींचा हात धरून सोबत आलेल्या कांताच्या डोक्यावर ठेवला. "घ्या शपथ, जवाईबापू. नाव समजलं का माही बहीन आठ दिवस नाई काढत." कवडूजींनी शपथ घेतली. देवकाबाईंना सांगितलं, की अंगात उष्णता फार झाली, तिचं गळू झालं, औषधानं बसेल. दीड वर्ष तिनं लपवलं आणि आता तिच्यापासून लपवायची पाळी यांची आली.

संशोधन चालू आहे म्हणजे काम कुठंतरी अडलेलं आहे, एवढं कवडूजींना कळत होतं. अडलेलं काम उरावर बसल्याशिवाय हलत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. हायस्कूलचे सायन्सचे मास्तर प्रेमदास त्यांच्याकडे गाडी दाखवायला येत. कवडूजींनी त्यांना विचारलं, "मास्तर, हे संशोधन करते कोन? त्याले कोनी जाऊन म्हनलं का, लवकर करा, त करते का?" मास्तर उत्साही होते आणि उत्साही माणूस जवळ असला की नसतं घोडं दामटलं जातं. त्यांनी पेपरात वाचलं होतं, की कुणीतरी सायकलवरून देश हिंडून लोकांना जागं केलं. तुम्हीही मोटारसायकलवर निघा, कन्याकुमारीपासून दिल्लीपर्यंत. गावोगाव लोकांच्या सह्या घ्या आणि दिल्लीत जिथं संशोधन होतं तिथं नेऊन द्या. मास्तरांनी जाड रजिस्टर आणलं. पहिल्या पानावर सुरेख अक्षरात मजकूर लिहिला.

कवडूजी गोळ्या आणायला सेवाग्रामला गेले, तेव्हा त्यांनी डॉक्टरांनाही हे सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "कवडूजी, संशोधन तुमच्याशिवायही चालेल. बाईंजवळ मात्र तुम्हीच हवेत."

इतकं सरळ कुणी सांगत नाही. पण माणूस एकदा हट्टाला पेटला की त्याच्या कानात बोळे बसतात. बायकोच्या खाटेशी बसून तिला झिजताना पाहणं या माणसाला जमणारं नव्हतं; हाताला पाना नसला की त्यांना काही सुचायचं नाही. प्रवासाला निघणं त्यापेक्षा सोपं होतं. हे कडू आहे, पण खरं आहे.

आता देवकाबाईंना काय सांगायचं? खरं सांगायचं तर रोगाचं नाव आलं. म्हणून थाप ठरली.

"गाडीच्या कंपनीची शर्यत हाये," कवडूजी म्हणाले. "कन्याकुमारी, मंग दिल्ली. जिंकलो त एजन्सी भेटते."

"मी अशी खाटेवर, अन् तुमाले एजन्सी सुचून राह्यली?"

"तू त बरी होऊनच राह्यली."

"मंग मी बरी झाल्यावर जा ना."

कवडूजी उठून बाहेर गेले आणि गाडीची चेन सैल आहे का ते बघत बसले.

१९८३ची संक्रांत झाली आणि ते निघाले. गाडीवरचा फलक घरी बांधता येत नव्हता. देवकाबाई तिसरी शिकलेल्या, अक्षर लावून वाचायच्या. म्हणून मास्तरांनी तो कारंजाला पोचवला आणि नारळ, हारतुरे, भाषण सगळं तिथंच उरकलं. 'कॅन्सर पर खोज करो, जान बचाओ.' पांढऱ्यावर लाल अक्षरं. घरून निघताना मात्र गाडी कोरी होती. देवकाबाई दारापर्यंत आल्या, पण ओवाळलं नाही.

रस्त्यात काय झालं, ते त्यांनी पुढं फारसं कधी सांगितलं नाही. थोडं रजिस्टरवरून कळतं, थोडं कांताला बोलले त्यावरून. गावात गाडी थांबली की गर्दी जमायची. लोक फलक वाचायचे आणि विचारायचे, "एव्हरेज कितना देती है?" सह्या करायचे, अंगठे उठवायचे, चहा पाजायचे. एका गावात त्यांना वैद्य समजून रोगी आणून बसवले आणि औषध नाही म्हटल्यावर शिव्या घातल्या. दुसऱ्या एका ठिकाणी हॉटेलवाल्यानं त्यांचा कप वेगळा ठेवला, हा रोग लागतो म्हणून. आदिलाबादच्या अलीकडे एक बाई गर्दीच्या मागं उभी होती. सगळे पांगल्यावर तिनं खालच्या आवाजात विचारलं, "दुखत नसली तरी दाखवायची का?" कवडूजी म्हणाले, "आजच जा, बाई. आजच्या आज जा." ती गेली की नाही, ते कुणाला माहीत?

आठवड्याला एक पोस्टकार्ड घरी यायचं. कार्ड उघडं, वाचणारी कांता, ऐकणारी देवकाबाई. तेव्हा त्यात शर्यतच लिहावी लागे. 'आमचा नंबर सध्या चौथा आहे.'

"चौथा?" देवकाबाईंनी विचारलं. "मांगं किती हायेत?"

"लई हायेत, माय," कांता म्हणाली आणि चुलीकडे तोंड फिरवलं.

पहिले काही दिवस देवकाबाईंना अभिमानसुद्धा वाटला. भेटायला आलेल्या बायकांना त्या सांगायच्या, चौथा नंबर आला म्हणून. बायका माना खाली घालायच्या. सगळ्या गावाला खरं काय ते माहीत होतं. मग दुखणं पाठीच्या कण्यात उतरलं, कुशीवर वळणं बंद झालं आणि अभिमानही गेला. मद्रासचं कार्ड आलं, 'दुसरा नंबर आला, काळजी करू नये.' त्या दिवशी त्यांनी कांताला अर्ध्यावर थांबवलं. "नोको वाचू. त्याईले म्हन, पयला येजा अन् तिकडंच राह्यजा."

दक्षिणेकडून दिल्लीला जाताना कवडूजी नागपुरावरून गेले. तिथून तळेगाव अडीच तासांचं. चौकात गाडी बंद करून ते बराच वेळ उभे राहिले. घरी गेलो तर पुन्हा पाय निघायचा नाही आणि रजिस्टर अर्धंच राहील, असा विचार करून त्यांनी दिल्लीकडे हँडल वळवलं. आयुष्यात त्यांनी केलेली सगळ्यात मोठी चूक कोणती म्हणाल, तर ही.

दिल्लीत एका मोठ्या संस्थेच्या फाटकापाशी त्यांना दोन दिवस बसावं लागलं. तिसऱ्या दिवशी एका वयस्क शास्त्रज्ञानं आत बोलावलं. माणूस भला होता. रजिस्टरचं पानन्‌पान उलटलं, चहा मागवला, घरी कोण आजारी आहे ते विचारलं. मग प्रयोगशाळा दाखवली. काचेच्या पिंजऱ्यात पांढरे उंदीर होते.

"कितने दिन लगेंगे, साहब?" कवडूजींनी विचारलं.

"दस साल, पंद्रह साल. शायद उससे भी ज़्यादा."

कवडूजींनी मान हलवली. पार्ट अडला नव्हता. तो अजून कुठं तयारच झाला नव्हता. फलक त्यांनी फाटकापाशी टेकवून ठेवला आणि आग्रा, भोपाळ, मुलताई करत चार दिवसांत गाडी घराकडे पळवली. शर्यत कुठली खरी असेल, तर एवढीच.

घर सोडून बावन्न दिवस झाले होते. खाटेवर देवकाबाई दिसेनात. गोधडीखाली काही आहे की नाही असं वाटावं, इतक्या त्या आटल्या होत्या. डोळे पिवळे झाले होते. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भेटली एजन्सी?"

"नाई."

"कोनता नंबर आला?"

"कोनताच नाई."

कवडूजी खाटेच्या पायाशी बसले. सांगून टाकावं असं मनात आलं. तुझ्यासाठी गेलतो, देवका, तुझ्याचसाठी. पण त्यापुढचं वाक्य रोगाचं नाव घेतल्याशिवाय पुरं होत नव्हतं. दारात बंडूजी उभे होते. त्यांनी खुणेनंच बाहेर बोलावलं. "जवाईबापू, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला हाये तुमी. आता दोन-चार दिवसांसाठी देवकाचा जीव भेवानं काऊन घेता?" कवडूजी पुन्हा आत आले ते गप्प बसायचं ठरवून.

तीन दिवसांनी कांता नळावर गेली असताना देवकाबाईंनी स्वतःच विचारलं. आवाज फुंकरीइतका होता. "खरं सांगा. काऊन गेलते तुमी?"

यापेक्षा चांगली संधी देव कुणाला देत नाही. घरात दुसरं कुणी नव्हतं. कवडूजींच्या ओठांवर शब्द आला. पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना शपथ आठवली, पोरीचं डोकं आठवलं. ते म्हणाले, "एजन्सीसाठी."

"हं," देवकाबाई म्हणाल्या. त्यानंतर त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. औषध कांताच्या हातून घ्यायच्या, कूस कांतानं बदलायची. कवडूजी जवळ आले की डोळे मिटायच्या. ते रोज दुकान बंद ठेवून खाटेशी बसले, दिवसभर. आता बसता येत होतं.

चैत्र लागायच्या आधी एका सकाळी श्वास अडकायला लागला. घर बायकांनी भरलं. बंडूजींनी गंगाजळाची वाटी आणली, त्यात तुळशीचं पान टाकलं आणि चमचा कवडूजींच्या हातात दिला. शेवटचं पाणी नवऱ्यानं घालायचं असतं. कवडूजींनी एका हातानं तिची मान उचलली आणि चमचा ओठांना लावला. देवकाबाईंनी डोळे उघडून पाहिलं कोण आहे ते, आणि ओठ घट्ट मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळलं. बायका म्हणाल्या, गिळता येत नाही बिचारीला, राहू द्या.

मग कांतानं बापाच्या हातातून चमचा घेतला. देवकाबाईंनी तोंड उघडलं आणि दोन चमचे पाणी प्यायल्या.